एका जागेची ध्वनिकृती: फील्ड रेकॉर्डिंगपासून मांडणीपर्यंत

फील्ड रेकॉर्डिंगचा, म्हणजे बाहेर जाऊन परिसराचे आवाज टिपण्याचा नाद लागला की काही महिन्यांतच हार्डडिस्क भरते. पाऊस, लाटा, पहाटेचे पक्षी, बांबूच्या बनातला वारा. एकेक फाइल ऐकायला छान असते, पण छान फायली एकापाठोपाठ लावल्या म्हणून ध्वनिकृती उभी राहत नाही. बहुतेक वेळा साधनं कमी पडलेली नसतात. कोणत्या जागेबद्दल काय ऐकवायचं आहे, तेच ठरलेलं नसतं. परिसराच्या ध्वनिकृतीतली निम्म्याहून अधिक रचना माइक जमिनीवर टेकवतानाच होऊन जाते, असं माझं ठाम मत आहे. संगणकावर होतं ते त्या निर्णयाचं पुढचं काम. म्हणून इथे एडिटिंगपेक्षा जागा ऐकण्यावर आणि माइक ठेवण्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

उदाहरणासाठी एक ओढा धरू. डोंगरात उगम पावणारा, खडकांवरून उतरणारा, मध्ये एका डोहात थबकणारा, मग झाडीतून वाहत जाऊन रस्त्याच्या पुलाखालून पलीकडे जाणारा. तुमची जागा समुद्रकिनारा असेल, गवताळ माळ असेल किंवा बंद पडलेली खाण असेल, पायऱ्या याच राहतील.

जागा एकच, प्रश्न एकच

जागा निवडताना ती किती सुंदर आहे यापेक्षा तिथे किती वेळा जाता येईल ते पाहा. दूरच्या प्रसिद्ध धबधब्यापेक्षा चालत जाता येईल असा साधा ओढा कामाचा, कारण तिथे पहाटे, भर दुपारी, रात्री, पावसाआधी आणि पावसानंतरही जाता येतं.

मग त्या जागेला एक प्रश्न विचारा, आणि तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा. उत्तर कानाने मिळेल असाच प्रश्न हवा. ‘निसर्गाचं सौंदर्य टिपायचं आहे’ हा प्रश्न होत नाही. ‘ओढ्याचा आवाज रस्त्याच्या आवाजात नेमका कुठे आणि कसा बुडतो?’ हा होतो. ‘पहाटेच्या पहिल्या तासात या टेकडीवर कोण आधी बोलतं आणि कोण थांबून राहतं?’ हाही होतो. असा प्रश्न हाती असला की कुठे उभं राहायचं, किती वाजता जायचं, काय टाकून द्यायचं हे आपोआप सुटत जातं.

त्याच जागी पुन्हा पुन्हा जाण्याचं मोल निसर्गातले आवाज टिपणारे अमेरिकी ध्वनितज्ज्ञ बर्नी क्राउस यांच्या कामातून स्पष्ट दिसतं. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात लिंकन मेडो नावाचं कुरण आहे. तिथे त्यांनी १९८८ मध्ये रेकॉर्डिंग केलं. नंतर तिथे निवडक वृक्षतोड झाली. वर्षभराने ते त्याच ठिकाणी, त्याच हंगामात पुन्हा गेले. डोळ्यांना कुरण जवळपास पूर्वीसारखंच दिसत होतं. रेकॉर्डिंगमध्ये मात्र पक्ष्यांची दाटी नाहीशी झाली होती. ओढ्याचं पाणी आणि सुतारपक्ष्याच्या कुळातल्या एका पक्ष्याची टकटक तेवढी उरली होती. पहिलं रेकॉर्डिंग हाताशी नसतं, तर दुसऱ्याने काहीच सांगितलं नसतं.

आधी मोकळ्या हाताने जा

पहिल्या फेरीला रेकॉर्डर घरी ठेवा. एका जागी अर्धा तास बसा आणि ऐकू येईल ते लिहा: आवाज, दिशा, अंदाजे अंतर, वेळ. सुरुवातीची काही मिनिटं कान फक्त मोठे आवाज पकडतात. मग त्यांच्यामागचं उलगडायला लागतं.

नोंदी लावायला दोन जुन्या पद्धती आजही उपयोगी पडतात. कॅनडाचे संगीतकार आर. मरी शेफर यांनी १९७७ च्या आपल्या पुस्तकात परिसरातल्या आवाजांचे तीन प्रकार मांडले: सतत मागे असणारा पायाभूत आवाज, लक्ष वेधून घेणारा आवाज आणि त्या जागेचीच ओळख बनलेला आवाज. क्राउस यांची विभागणी उगमानुसार आहे: वारा-पाणी-पाऊस यांचे आवाज, सजीवांचे आवाज आणि माणसाने निर्माण केलेले आवाज. मी दोन्ही एकाच तक्त्यात मांडते. आडव्या रांगांत उगम, उभ्या स्तंभांत भूमिका. ओढ्याच्या उगमापाशी ‘पायाभूत’च्या स्तंभात पाणी येतं आणि पुलापाशी त्याच चौकटीत वाहतूक येते. हा बदल कागदावर दिसला की कृतीचा सांगाडाच हाती लागतो.

मग ओढ्याच्या काठाने चालत जा आणि हाताने नकाशा काढा. दोन्ही तळवे कानांमागे वाटीसारखे धरले की समोरचे आवाज ठळक होतात आणि दिशा चटकन कळते. आवाजाचा पोत बदलेल तिथे खूण करा. नकाशावर साधारण पाच-सहा खुणा उरल्या तर पुरे. याहून जास्त ठेवल्या तर त्या सांभाळणं अवघड जातं.

वेळ निवडताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. शांत, निरभ्र रात्रीनंतर पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते. अशा हवेत आवाज वर निसटून न जाता खाली वळतो आणि लांबवर पोहोचतो. पहाटे पक्षी स्पष्ट ऐकू येतात त्यामागे हे एक कारण आहे, पण दूरचा महामार्गही त्याच कारणाने जवळ आल्यासारखा वाटतो. रस्त्याचा आवाज नको असेल तर पहाटच उत्तम, असं गृहीत धरू नका. तुमच्या जागी एकदा पहाटे आणि एकदा दुपारी जाऊन स्वतः पडताळून पाहा.

साधनं: गरजेपुरती

अंगचे दोन माइक असलेला हातातला रेकॉर्डर, बंद कपांचा हेडफोन, माइकवर चढवायचं केसाळ कव्हर आणि छोटा ट्रायपॉड एवढ्यावर पहिली पूर्ण कृती होते. फोन वापरणार असाल तर वेव्ह फाइल (आवाज न आवळता साठवणारी) देणारं आणि आवाजाची पातळी आपोआप वरखाली न करणारं ॲप घ्या. ही आपोआप जुळवणी शांततेत सगळं वर खेचते आणि पक्षी ओरडला की सगळं खाली दाबते. नंतर ते दुरुस्त करता येत नाही.

सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा (पहिला आकडा सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घ्यायचे तो, दुसरा प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजायचा तो). स्टिरिओ रेकॉर्डिंगला यात तासाला साधारण १ जीबी जागा लागते. आवाज संथ करून वापरायचा विचार असेल तर ९६ किलोहर्ट्झ. जागा दुप्पट लागेल. निवांत जागेत रेकॉर्डिंग करताना माइकचा स्वतःचा खरखराट किती आहे हा आकडा बाकी सगळ्या जाहिरातबाजीपेक्षा महत्त्वाचा. तो १५ डेसिबलच्या आत असलेला बरा.

दोन जादा साधनं या कामात खरोखर नवं दार उघडतात. एक कॉन्टॅक्ट माइक: तो हवेतला नव्हे, ज्या वस्तूला चिकटवला तिच्यातला कंप पकडतो. दुसरा हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात बुडवायचा माइक. साध्या पिएझो चकतीचा (कंपाचं विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या चकतीचा) कॉन्टॅक्ट माइक थेट रेकॉर्डरला जोडला तर आवाज पातळ आणि पत्र्यासारखा येतो. अशा चकतीला १ मेगाओम किंवा त्याहून जास्त इनपुट इम्पिडन्सचा (आत येणाऱ्या संकेताला होणाऱ्या विरोधाचा) प्रीॲम्प, म्हणजे माइक आणि रेकॉर्डरच्या मधला छोटा वर्धक लागतो. तो जोडला की खालचे सूर परत येतात.

माइक कुठे ठेवायचा

वाहत्या पाण्याचा आवाज येतो तो मुख्यतः पाण्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा. बुडबुडा तयार होताना तो कंप पावतो आणि त्याच्या आकारानुसार एक सूर देतो. मार्सेल मिनार्ट या डच शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये याचं गणित मांडलं. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सुमारे ३.३ किलोहर्ट्झला वाजतो, ३ मिलिमीटरचा सुमारे १.१ किलोहर्ट्झला. बुडबुडा जितका मोठा, सूर तितका खाली.

हे नुसतं ज्ञान म्हणून ठेवू नका. माइक हातात घेऊन वापरा. गोट्यांवरून उथळ पाणी पसरत जातं तिथे बारीक बुडबुड्यांची वरच्या सुरातली सळसळ मिळते. पाणी एका पायरीवरून खोल भागात पडतं तिथे मोठी हवा ओढली जाते आणि ‘गुडुप्, गुडुप्’ असे घोट ऐकू येतात. काठापासून तीन मीटरवर माइक ठेवलात तर या सगळ्यांचा मिळून एकसुरी फसफसाट मिळेल. कुठल्याही ओढ्याचा तो असाच येतो. तोच माइक एका चपट्या दगडाच्या कडेखाली, पाण्यापासून वीतभर वर नेला की एकेक घोट सुटा होतो आणि त्यांची अनियमित लय कळते. हेडफोन लावून माइक बोटभर डावीकडे-उजवीकडे सरकवत राहा. कुठल्याशा एका ठिकाणी ओढा बोलायला लागतो. तिथे थांबा.

दूरचं रेकॉर्डिंगही लागतंच. उघड्यावर एकाच ठिकाणाहून येणारा आवाज, समजा एखादा पक्षी, अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलने उतरतो. ओढा किंवा रस्ता मात्र लांब रेषेसारखा पसरलेला स्रोत आहे, तो दुप्पट अंतराला जेमतेम ३ डेसिबलने उतरतो. त्यामुळे पाण्याचा आवाज मागे ढकलायचा असेल तर नुसतं लांब जाऊन भागत नाही. आड शोधा: मोठा खडक, बांधाचा उतार, दाट मातीचा कडा. आडोशामागे वरचे सूर आधी नाहीसे होतात आणि ओढा मऊ, खोल होतो. त्याच जागी मग रातकिडे किंवा पानं पुढे येतात.

प्रत्येक खुणेवर तीन अंतरं घेत जा: अगदी जवळचं, मधलं आणि दूरचं. रचनेच्या वेळी एका खुणेचं जवळचं आणि दुसरीचं दूरचं असं जोडता आलं की ऐकणारा खरोखर चालत असल्याचा भास होतो.

वाऱ्यासाठीही हाच विचार. वारा वस्तूला वळसा घालून जाताना मागे भोवरे सुटतात आणि त्यांच्या वारंवारितेचा सूर तयार होतो. वस्तू जितकी बारीक आणि वारा जितका वेगवान, तितका सूर वर. ३ मिलिमीटर जाडीच्या तारेवरून सेकंदाला ६ मीटर वेगाने वारा गेला तर सूर सुमारे ४०० हर्ट्झचा येतो. सुईसारख्या पानांचं झाड म्हणूनच लांबून शिट्टीसारखा श्वास सोडतं आणि रुंद पानांचं झाड खडखडतं, कारण तिथे पानं एकमेकांवर आपटतात. कुंपणाच्या ताणलेल्या तारेला कॉन्टॅक्ट माइक लावा. वाऱ्याचा गुंजारव, तारेवर बसलेल्या पक्ष्याच्या नखांचा खरवडा, दूरवरून तारेतून धावत आलेला ठोका हे सगळं त्यात उतरतं.

हायड्रोफोन डोहात सोडताना तो तळाला टेकू देऊ नका आणि वायर ताणलेली ठेवू नका. वायर घासल्याचा आवाज सगळ्यावर कुरघोडी करतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १४८० मीटर धावतो, हवेच्या चौपटीहून जास्त. त्यामुळे दोन हायड्रोफोन जवळजवळ ठेवले तर दोन्हींत एकच चित्र येतं. रुंदी हवी असेल तर ते एकमेकांपासून निदान मीटरभर लांब सोडा.

हवेतल्या स्टिरिओसाठी अनेक पद्धती आहेत. दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारे) माइक १७ सेंटिमीटर अंतरावर आणि ११० अंशांत (ओआरटीएफ), किंवा सर्व दिशांनी ऐकणारे दोन माइक ४० ते ६० सेंटिमीटर अंतरावर. पहिलीत दिशा नेमकी कळते, दुसरीत जागा प्रशस्त वाटते. कुठलीही एक घ्या, पण सगळ्या प्रकल्पभर तीच ठेवा. दर खुणेला पद्धत बदलली तर ऐकणाऱ्याला जागेतला फरक ऐकू येतोय की माइकमधला, हे कळेनासं होतं.

रेकॉर्डिंग करताना

सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन (आवाज किती वाढवून घ्यायचा ती पातळी) ठेवा; रेकॉर्डरच्या मीटरवर शून्य म्हणजे कमाल मर्यादा, त्यापुढे आवाज फाटतो. शांत जागी बाकीचा आवाज उणे ४० वर दिसला तरी बिचकू नका, २४ बिटला तेवढी ऐपत असते. ३२ बिट फ्लोटचा (अतिशय लहान-मोठे आवाज एकाच वेळी सामावणारा) रेकॉर्डर असेल तर गेनची चिंता जाते, मात्र वाऱ्याच्या झोताने माइकचा पडदाच थरथरला तर त्यावर त्याचाही इलाज नाही. वारा जमिनीलगत संथ असतो. माइक खाली आणा आणि केसाळ कव्हर चढवा. लो-कट फिल्टर (खालचे सूर कापणारा) जागेवर लावायचा तो वारा अगदी असह्य असेल तरच. दूरचा गडगडाट आणि डोहाचा खोल सूर त्याच पट्ट्यात असतात, आणि एकदा कापले की गेले.

रेकॉर्डर सुरू करा, जागा, तारीख, वेळ, हवा, माइकचं अंतर मोठ्याने सांगा, आणि तिथून दूर जा. निदान वीस-पंचवीस पावलं. तुमचा श्वास, कपड्यांची सळसळ, बुटांखालची वाळू हे सगळं शांत जागेत फार मोठं होतं. शिवाय तुमच्या येण्याने गप्प झालेले किडे, बेडूक, पक्षी पुन्हा सुरू व्हायला काही मिनिटं घेतात. म्हणून दहा मिनिटांपेक्षा कमी रेकॉर्डिंग घेऊच नका, आणि जमेल तिथे अर्धा तास घ्या. शक्यतो मधल्या आणि शेवटच्या भागातच खरं काही घडतं.

दूर बसून मात्र फोन बघू नका. काय ऐकू आलं ते घड्याळाच्या वेळेसह लिहीत राहा. ‘६.४२, डावीकडून मोठा पक्षी उडाला, ६.४७, पुलावर जड वाहन’ अशी नोंद नंतर तासन् तास वाचवते.

ज्यांचा आवाज घेतो त्यांच्याबद्दल

पक्ष्यांना बोलतं करायला त्यांचाच रेकॉर्ड केलेला आवाज वाजवू नका. हद्दीत घुसखोर आला असं समजून ते घरटं आणि खाणं सोडून त्याच्यामागे लागतात. घरट्याजवळ माइक ठेवू नका. दुर्मीळ प्राण्याचा आवाज मिळाला तर नेमकं ठिकाण जाहीर करू नका. संरक्षित क्षेत्राचे आणि खासगी जमिनीचे नियम आधी विचारून घ्या. माणसांचं ओळखू येण्यासारखं बोलणं टिपलं गेलं असेल, तर संमती घ्या किंवा तो भाग वगळा. लांबून आलेली अस्पष्ट हाक ही जागेचा भाग असते. कुणाचा खासगी संवाद जागेच्या मालकीचा नसतो.

ऐकून निवडणं

त्याच दिवशी दोन ठिकाणी प्रती काढा आणि मगच कार्ड पुसा. फाइलचं नाव तारीख, जागा, अंतर आणि क्रमांक या क्रमाने ठेवा, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते.

पहिल्यांदा ऐकताना पडदा बंद करा. आवाजाचा आलेख समोर असला की डोळा उंच टोकांकडे धावतो आणि त्यांच्यामधली शांत, भरलेली मिनिटं हातातून जातात. दुसऱ्यांदा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या वेळी कोणते सूर किती जोरात आहेत ते दाखवणारं चित्र उघडा. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही तो मिळतो. पक्ष्यांच्या रेघोट्या, किड्यांचे आडवे पट्टे, वाहनांचा खालचा धूर, पाण्याचा पसरलेला गालिचा असं सगळं वेगवेगळं दिसतं, आणि कोण कुणाला झाकतो आहे तेही कळतं.

आमच्या ओढ्याच्या प्रश्नाचं उत्तर इथेच हाती लागू शकतं. रस्त्यावर घासणाऱ्या टायरांचा आवाज १ किलोहर्ट्झच्या आसपास सर्वांत जोरदार असतो. मोठ्या बुडबुड्यांचे घोटही त्याच पट्ट्यात आहेत. म्हणजे पुलाकडे जाताना ओढा एकदम नाहीसा होत नाही. आधी त्याचे खोल घोट बुडतात आणि वरची बारीक सळसळ बराच वेळ तग धरते. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये हे दिसतं का ते खुणेनुसार तपासा. दिसलं तर कृतीचा कणा मिळाला. नसेल तर काय दिसतं तेच लिहा; जागा जे सांगते ते आपल्या अंदाजापेक्षा मोलाचं.

मग निवड कठोरपणे करा. निकष एकच: हा तुकडा पहिल्या पानावरच्या प्रश्नाला धरून आहे का? अतिशय सुरेल पक्षी असूनही तो प्रश्नाशी संबंधित नसेल, तर तो दुसऱ्या कृतीसाठी ठेवा.

रचना: वेळ, वाट किंवा आवाज देणारा माणूस

रूप निवडताना तीन ढोबळ वाटा दिसतात. पहिली, वेळ आवळण्याची. फ्रेंच संगीतकार ल्युक फेरारी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या एका गावातली पहाट रेकॉर्ड करून वीस-एकवीस मिनिटांत बसवली. कापाकापी केलेली आहे, पण ऐकताना एकच सलग पहाट वाटते. दुसरी, वाटेने जाण्याची. संगीतकार ॲनिया लॉकवुड यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतल्या हडसन नदीचा उगमापासून समुद्रापर्यंतचा ध्वनिनकाशा केला. ऐकणाऱ्यासमोर भिंतीवर नकाशा असतो आणि कोणत्या मिनिटाला कुठे आहोत ते त्यावर कळतं. तिसरी, स्वतः बोलण्याची. कॅनडातल्या संगीतकार हिल्डेगार्ड वेस्टरकँप यांच्या १९८९ च्या कृतीत त्या व्हँकूवरच्या किनाऱ्यावरून श्रोत्याशी बोलतात, खडकाला चिकटून राहणाऱ्या बार्नॅकल नावाच्या कवचधारी जीवांच्या इवल्या टकटकीकडे लक्ष वेधतात, आणि शहराचा आवाज आपण स्टुडिओत कमी-जास्त करत आहोत हे उघडपणे सांगतात. तंत्र लपवण्याऐवजी तेच त्यांनी कृतीचा विषय केलं.

ओढ्याला वाटेचं रूप शोभतं. अठरा मिनिटांची एक मांडणी अशी असू शकते. पहिली तीन मिनिटं उगमापाशी, शेवाळातून सुटणारे थेंब, अगदी जवळून. थेंबांमध्ये भरपूर रिकामी जागा. पुढची पाच मिनिटं खडकांचा उतार, घोट आणि सळसळ दोन्ही. मग तीन मिनिटं डोहात, हायड्रोफोनमधून. वरचं जग पूर्ण बंद. त्यानंतर चार मिनिटं झाडीत, तिन्हीसांजेला, ओढा खडकाआड मागे आणि किडे पुढे. शेवटची तीन मिनिटं पुलाखाली. तिथे वाहन सांध्यावरून गेल्याचा ठोका कमानीत घुमतो, घोट एकेक करून नाहीसे होतात आणि सळसळ टायरांच्या आवाजात मिसळून जाते.

जोडण्यांवर सर्वांत जास्त कष्ट घ्या. दोन वेगवेगळे आवाज एकमेकांत विरघळवताना साधा, सरळ रेषेतला क्रॉसफेड (एक आवाज कमी होत असताना दुसरा चढवणं) वापरला तर मध्यावर आवाज ३ डेसिबलने खचतो. एकूण जोर सारखा राखणारा ‘इक्वल पॉवर’ क्रॉसफेड घ्या. वारा आणि किडे यांना वीस-तीस सेकंदांचा लांब क्रॉसफेड मानवतो. पाण्यावर पाणी मात्र चढवू नका. दोन ओघ एकत्र वाजले की दोघांचीही ओळख पुसली जाते आणि नुसता फसफसाट उरतो. तिथे मध्ये दुसरं काही आणा, किंवा सरळ कापा. हवेतून डोहात जाताना तर थेट कापच योग्य. बुडी हळूहळू मारता येत नाही. एकाच जागेतले दोन तुकडे जोडायचे असतील तर कापाची जागा एखाद्या घटनेखाली लपवा, जसं पंखांची फडफड किंवा पडलेला दगड.

किती बदल करायचा

इथे दोन गट कायम भांडतात: एक म्हणतो काहीच बदलू नका, दुसरा म्हणतो सगळंच बदला. माझ्या मते बदल प्रश्नातून यावा. बुडबुड्यांचे सूर ऐकवायचे असतील तर स्पेक्ट्रोग्राममध्ये ते शोधा आणि अरुंद फिल्टरने तेवढेच उघडा. ओढ्यात आधीपासून असलेलं गाणं त्याने बाहेर येतं. आवाज निम्म्या वेगाने वाजवला तर तो एक सप्तक खाली येतो आणि दुप्पट लांबतो. ४८ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये त्याच्या निम्म्यापर्यंतचे, म्हणजे २४ किलोहर्ट्झपर्यंतचेच सूर मावतात, म्हणून यानंतर १२ किलोहर्ट्झच्या वर काहीच उरत नाही आणि आवाज कोंदट होतो. ९६ ची फाइल आणि वरचे सूर पकडणारा माइक असेल तर तो मोकळा राहतो. खरखर काढणारी साधनं हलक्या हाताने वापरा. जास्त ओढलं की पाणी आणि पानं प्लॅस्टिकसारखी वाजू लागतात, आणि पार्श्वभूमी म्हणून जे काढलं तेच बहुधा जागेचं अस्तित्व असतं.

मिश्रण आणि मांडणी

मिश्रण कमी आवाजात करा. अंतिम पातळी चढवण्याच्या मोहात पडू नका. थेंब आणि पुलावरचा ठोका यांच्यातला फरक म्हणजेच ही कृती. युरोपीय प्रसारणाचं प्रमाण उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) आहे, आणि परिसराची शांत कृती त्याच्याही खाली राहिली तरी चालते. शिखर उणे १ डेसिबलच्या आत ठेवा. मग हेडफोनवर, साध्या स्पीकरवर आणि मोनोमध्ये (दोन्ही बाजू एकत्र करून) ऐका. मोनोमध्ये काही गायब झालं तर दोन माइकांच्या फेजमध्ये गडबड आहे, म्हणजे त्यांच्या लहरी एकमेकींना खोडत आहेत.

सादरीकरणाची जागाही ओढ्याइतकीच लक्षपूर्वक ऐका. खोलीत पंखा किंवा वातानुकूलन चालू असेल तर तुमची पहिली तीन मिनिटं कुणालाही ऐकू जाणार नाहीत; अशा ठिकाणी हेडफोन द्या. स्पीकर असतील तर पाण्याचे जमिनीजवळ आणि पानांचे डोक्याच्या वर ठेवा, कान फसत नाही. बसायला काहीतरी हवंच. उभा माणूस दोन मिनिटांत निघून जातो. आणि कृती किती लांबीची आहे ते दाराशी लिहा.

सतत चालणारी मांडणी हवी असेल तर एकच लांब फाइल फिरवत ठेवण्यापेक्षा वेगवेगळ्या लांबीचे दोन-तीन थर स्वतंत्र फिरवा. ७ मिनिटांचा पाण्याचा थर आणि ११ मिनिटांचा किड्यांचा थर एकत्र सुरू केले तर ते पुन्हा तसेच जुळायला ७७ मिनिटं लागतात. तोवर प्रत्येक भेटीत वेगळी सांगड ऐकू येते.

सोबतच्या मजकुरात जागा, ऋतू, वेळ आणि केलेले बदल सांगा. वेग निम्मा केला असेल तर तसं लिहा. डोहाचा आवाज हायड्रोफोनचा आहे हेही लिहा. ऐकणाऱ्याला हे माहीत असणं हा त्याचा हक्क आहे, आणि त्याने गूढ कमी होत नाही.

शेवटी मूळ रेकॉर्डिंग. कृतीत न वापरलेल्या तासांसह ती अख्खी जपा, नोंदवही स्कॅन करून त्यांच्यासोबत ठेवा, आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा. जागेजवळ राहणाऱ्यांना एक प्रत द्या. कुठला पक्षी आता येत नाही, पाणी कुठल्या वर्षी वळलं, हे तेच सांगू शकतात, आणि त्यांचं सांगणं वहीत उतरवून घ्या. वाटून घ्यायची इच्छा असेल तर रेडिओ अपोरीसारख्या खुल्या ध्वनिनकाशावर परवान्याची अट स्पष्ट लिहून निवडक फायली टाका. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच दगडाशी, त्याच उंचीवर माइक लावता यावा म्हणून जागेचा आणि माइकच्या मांडणीचा एक फोटोही त्या फोल्डरमध्ये असू द्या.